पेवातला अग्निगोळा

आमच्या खेळाला डोकं लागतं, आणि तिघांत ते माझ्याकडंच आहे, असं मी निम्म्या कळमनुरीला सांगून ठेवलं होतं! खेळ साधा. माझा दोस्त रत्नपाल गोष्ट रचतो. आपण त्यातलं एकेक पात्र व्हायचं, काय करणार ते सांगायचं आणि फासा टाकायचा. मी जादूगार. माझी बायको पुनम तलवारवाली चंद्रसेना. ही चंद्रसेना तिनं वर्षभर लेकरासारखी जपलेली. सामान वाहायला एक गाढवही होतं.

त्या रविवारी गोष्टीतले चोर पेवात लपले. जमिनीखालचं धान्याचं जुनं पेव, पोट मोठं, तोंड एवढंसं. तोंडाशी चंद्रसेना दोर धरून वाकलेली.

"अग्निगोळा टाकतो," मी म्हणालो.

"थांबा की. मी हितं वाकून उभी हाय."

"तू पंचवीस फुटांवर हायस. आग वीस फुटांच्या पुढं जात न्हाई. नियम हाय."

"तो मोकळ्या रानात," रत्नपाल म्हणाला. "पेव धा फूट रुंद. उरलेली आग कुठं जाईल, विजू?"

"थांबा म्हणलं ना," पुनम परत म्हणाली.

मी टाकला. रत्नपालनं फासा फेकला, बघितला आणि मान खाली घातली.

"चोर मेले. आग तोंडातून वर आली. वहिनी, चंद्रसेना गेली."

पुनम नुसती "बरं" म्हणाली. लग्न झालेल्यांना या 'बरं'ची तकलीफ वेगळी सांगायला नको. चंद्रसेनेला परत आणल्याशिवाय घरात सुख नव्हतं.

"आग अशी पळत नसती," मी म्हणालो. "चला, करूनच दाखवतो."

स्वयंपाकघराची खिडकी माकडांमुळं कायम बंद. पुनमला मी दारात उभं केलं, गॅसवर तवा लालबुंद तापवला आणि मूठभर लाल मिरच्या टाकल्या.

"बघा, धूर हितंच..."

पुढचं वाक्य अजून माझ्या घशातच आहे. धुराला वाट एकच, आणि वाटेत पुनम. ती शिंकत अंगणात, रत्नपाल चप्पल सोडून रस्त्यावर, मी आंधळ्यासारखा भिंती चाचपत तुळशीपाशी. आई नाकाला पदर लावून बाहेर आली.

"काहून मिरच्या जाळून राहिला? नजर काढली का कोणाची?"

"न्हाई, आई. प्रयोग हाय."

"एवढा ठसका म्हंजी नजर न्हाईच लागली," आई म्हणाली. "पोरगं मुळातच असं हाय."

रत्नपालनं डोळे पुसत निकाल कायम केला.

पुनमनं मग नवं पात्र घेतलं, वैदूचं. मला वाटलं, मिटलं. परवाच्या रविवारी गोष्टीत मला साप चावला आणि गाढवालाही. वैदूकडं औषधाचा घोट एकच. तिनं क्षणभरही विचार न करता तो गाढवाला पाजला.

"अगं, मी नवरा हाय तुझा," मी कळवळून म्हणालो.

"व्हय," पुनम म्हणाली. "पण गाढव थांब म्हणलं की थांबतं."