गलबतावरची शिदोरी

"पयलं बाळंतपण म्हायेरीच व्हतंय, जावईबापू. न्हाईतर मोडनिंबात तोंड दाखवायची सोय ऱ्हाणार न्हाय मला," तिप्पण्णा तिसऱ्यांदा म्हणाले. लेकीला, नीलव्वाला, न्यायला ते सर्व्हिस मोटारीतून घाट उतरून आले होते.

"आन् तितं पाणी कुटं हाय, मामा? घागरीसाठी मैलभर चालायचं," शिवप्पानेही तिसऱ्यांदा तेच उत्तर दिले. सोलापूरच्या कचेरीतून रत्नागिरीकडे बदली होऊन पंधरा दिवस झाले नाहीत, तोच तो सासरवाडीच्या विहिरींना नावे ठेवू लागला होता.

सासऱ्यांचा राग निवळावा म्हणून त्याने त्यांना वाळूत रुतलेले जुने गलबत बघायला नेले. वाटेत एका कोळ्याने बजावले, भरतीआधी मागे फिरा, ही पुळण फार दगाबाज आहे. तिप्पण्णांनी ओल्या वाळूत टाच दाबून पाहिली. तळ्याकाठी चाळीस वर्षे गाळपेर केलेला माणूस! माघात पाणी हटले की उघड्या गाळात कलिंगडे लावायची, आणि पाणी परत यायचे ते मृगानंतरच, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.

"हटलंय न्हवं? मंग चार म्हैने काळजी न्हाय."

घर ते कचेरी एवढेच पाहिलेल्या जावयालाही ते पटले. खाली वहाणा काढून दोघे गलबतावर चढले, शिदोरी सोडली आणि खाऊन तिथेच आडवे झाले.

"मामा, उठा! वहाणा चालल्या!"

"कोण न्हेतंय?"

"पाणी!"

तिप्पण्णा धडपडून उठले. चारी बाजूंना पाणी! आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि हे भरतच चाललेले! वहाणांमागे भाकरीचे फडके गेले, मग जावयाची टोपी. दोघांनी डोलकाठीला मिठी मारली. पाणी गुडघ्याला लागले तसा शिवप्पा किंचाळला, "न्या तुमच्या लेकीला, मामा! आजच न्या! मी आडवा येत न्हाय!"

मामांचे डोळे पाण्यावर. कोळ्याने होडी घालून दोघांना काढले, तेव्हाही ते वळून पाण्याकडेच बघत होते.

"ह्ये... रोज येतंय?"

"दिवसातून दोनदा," कोळी म्हणाला.

"पावसाबिगर?"

कोळ्याला हसू आवरेना.

घरी जावयाने आल्या आल्या ट्रंक भरायला सांगितली. नीलव्वा आनंदाने लुगड्यांच्या घड्या घालू लागली. तिप्पण्णा मात्र उंबऱ्यातच मटकन बसले.

"ऱ्हाऊ दे, पोरी. बाळंतपण हितंच. तुज्या आईला पत्र घाल, म्हणावं गुरं इकून हिकडंच ये."

शिवप्पा कळवळून म्हणाला, "आवो मामा, त्ये पाणी खारट हाय की!"

"आसंल," तिप्पण्णा म्हणाले, "पर येतंय तरी."