सासूबाईंचा आवाज परत आणू नका!

जगातलं कुठलंही यंत्र आपण दोन ओळींत गार करतो, असं वडगावच्या रघुवीरचं ठाम मत होतं. घरात चार यंत्रमाग, मागांवर साड्या आणि खिशात फोन! बेळगावातल्या एका मराठी दैनिकाच्या वेबसाइटवर तंत्रज्ञानाची बातमी पडली रे पडली, की तिच्याखाली रघुवीरची प्रतिक्रिया पडलीच म्हणून समजा.

'आता फ्रिज तुमच्याशी बोलणार!' अशी बातमी आली, तेव्हा रघुवीरनं लिहिलं, 'आमचा फ्रिज गेली कैक वर्सं नुसता हुं हुं करतोय. आदी त्याचं काय म्हणणं हाय ते तरी ऐकून घ्या.' 'विनाचालक मोटार रस्त्यावर' या बातमीवर त्यानं विचारलं, 'वडगावच्या म्हशी बी विनाचालकच फिरत्यात. त्यांचा फोटो कवा छापताय?' आणि 'यंत्रे माणसांच्या नोकऱ्या खाणार' म्हटल्यावर, 'आमच्यात दुपारी करंट जातोय. तेवढा वेळ तरी आमची नोकरी पक्की!'

लोक खदाखदा हसायचे. शेजारी माग चालवणारा चुलतभाऊ भरमू तर म्हणायचा, "रघुदादा, बातमी कोण वाचतंय? लोक खाली तुझंच वाचाय येत्यात!"

"अरं, बातमी म्हंजे नुसती भाकरी," रघुवीर मिशीवर बोट फिरवत म्हणायचा, "ठेचा आपला!"

हा ठेचा एके दिवशी डोळ्यांत गेला.

त्या आठवड्यात घरात गडबड होती. लेक चिन्मयीचं लग्न ठरत आलं होतं. गुंजीच्या शिवराजअण्णांचा मुलगा मंथन आणि चिन्मयी कॉलेजात एकत्र होते, दोघांचं आधीच जुळलेलं होतं. आता फक्त थोरांनी रविवारी बसून सुपारी फोडायची बाकी होती. शिवराजअण्णा म्हणजे मुहूर्त बघून शिंकणारा माणूस. त्यांच्या होकारासाठी चिन्मयीनं कुठल्या कुठल्या देवाला नारळ बोलला होता, ते तिचं तिलाच माहीत. रघुवीरनं तर उत्साहाच्या भरात शिवराजअण्णांना 'सगेसोयरे' नावाच्या घरच्या ग्रुपवर घेऊनही टाकलं होतं.

आणि गुरुवारी बातमी आली : 'गेलेल्या माणसाच्या आवाजात आता कॉम्प्युटर बोलणार!'

रघुवीरच्या डोळ्यांसमोर एकदम सासू उभी राहिली. बायाक्का, मुक्काम निपाणी. काय तो आवाज! बायाक्का निपाणीत बोलल्या तर संकेश्वरात कोंबड्या अंड्यांवरनं उठायच्या. फोनवर बोलताना त्यांना फोन लागायचा तो केवळ रिवाज म्हणून. रघुवीरनं माग थांबवला आणि लिहिलं :

'आमच्या सासूबाईंचा आवाज तेवढा परत आणू नका. एकदा ऐकलाय तो सात जन्म पुरंल!'

बायाक्का चांगल्या धडधाकट आहेत, हे लिहायचं राहून गेलं. लिहायचं सुचलंच नाही म्हणा.

भरमूनं ती प्रतिक्रिया बातमीसकट, हसरे चेहरे जोडून, कौतुकानं 'सगेसोयरे'वर टाकली. जांबोटीच्या एका पाहुण्यानं ती वाचली आणि विचारलं, 'अरेरे! कवा गेल्या?' दुसऱ्यानं हात जोडले. तिसऱ्यानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. चौथ्यानं समईचं चित्र टाकलं. एकदा समई पेटली की आपल्याकडं विझवतो कोण? तासाभरात ग्रुपवर एवढे हात जोडले गेले की देवळाला लाज वाटावी!

इकडं गुंजीत शिवराजअण्णांच्या फोनात एक नवी सोय आली होती. न वाचलेले निरोप ढीगभर साठले की फोन आपणच त्यांचं सार काढून द्यायचा. शिवराजअण्णा सारच वाचायचे. त्यांना फोननं सांगितलं : 'रघुवीर यांच्या सासूबाईंचे निधन झाले आहे. त्यांचा आवाज गेला होता. तो परत आणू नये, अशी कुटुंबाची इच्छा आहे. भरमू यांना हसू आले.'

रघुवीर माग चालवत होता. खडखडाटात फोन ऐकू येत नव्हता. त्याला पहिली खबर लागली ती सूत पुरवणाऱ्या शेट्टरांकडून. ते धापा टाकत दारात आले आणि त्याचा हात हातात घेऊन कानडीत म्हणाले, "ह्यांग आत्री?"

"कसं झालं? काय कसं झालं?"

"तुमच्या अत्तेचं, सासूबाईंचं!"

रघुवीरला काही कळायच्या आत बायको बेबी आतून धावत आली. तिच्या हातात फोन होता आणि डोळ्यांत पाणी. "अहो! माझी आई गेली म्हणं! आणि मला कुणी सांगितलं बी न्हाय!"

"अगं, कोण म्हणतंय?"

"सगळा ग्रुप म्हणतोय!"

"ग्रुपला काय कळतंय? आईला फोन लाव की!"

बेबीनं निपाणीला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "क्काय गंऽऽ?" आणि शेट्टर दोन पावलं मागं सरकले. बेबीनं डोळे पुसले. मग तिनं ग्रुपवरचं पहिल्यापासून वाचलं. नवऱ्याची प्रतिक्रिया वाचली. आणि डोळे पुसलेला तोच पदर कमरेला खोचला.

तेवढ्यात शिवराजअण्णांचा निरोप आला : 'वाईट झालं. आमच्यात असं झाल्यावर वर्षभर शुभकार्य धरत न्हाईत. रविवारचं राहू दे.'

चिन्मयी मटकन खाली बसली. "आप्पा! तुम्ही प्रतिक्रिया दिली नसती तर पेपर बंद पडला असता काय?"

"अगं, त्यात काय एवढं? आत्ता खुलासा करतो!" रघुवीर म्हणाला. शिवराजअण्णांना फोन लावला, तर गुंजीत रेंज नाही. मग त्यानं ग्रुपवर ठसठशीत लिहिलं : 'माझ्या सासूबाई जिवंत आहेत.'

लगेच उत्तर आलं : 'खरं हाय. अशी माणसं आठवणींत जिवंतच असत्यात.' त्याखाली आणखी पन्नास हात जोडले गेले.

"आता काय करू?" रघुवीर रडकुंडीला आला.

"आईचा व्हिडिओ टाका," बेबी म्हणाली.

निपाणीहून मेव्हण्यानं व्हिडिओ पाठवला. त्यात बायाक्का सोप्यात मांडी घालून बसल्या होत्या आणि कॅमेऱ्यात घुसून ओरडत होत्या : "मी बायाक्का! ठणठणीत हाय! सकाळी तीन भाकऱ्या खाल्ल्यात! मला कुणी मारलंय त्यानं माझ्या म्होरं यावं!"

रघुवीरनं व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि सुटकेचा श्वास सोडला. पण त्याखाली उत्तरं आली ती अशी :

'व्वा रघुवीर! काय आवाज काढलाय! हुबेहूब!'

'कुठलं अ‍ॅप?'

'ओठ जरा मागंपुढं हालत्यात. तेवढं दुरुस्त करून घ्या.'

'आमच्या आज्जाचं बी करून मिळंल काय? फोटो हाय.'

ओठ मागंपुढं हलत होते ते बायाक्कांच्या नव्या कवळीमुळं! पण सांगणार कुणाला? बातमी त्याच्याच प्रतिक्रियेमुळं ग्रुपवर पोचलेली, तीही ठेच्यासकट. गेलेली माणसं आता बोलतात, हे रघुवीरच्या कृपेनं साऱ्या सोयऱ्यांना पाठ झालं होतं.

सांजच्याला गुंजीत रेंज आली असावी, कारण शिवराजअण्णांचा आवाज आला. रेकॉर्ड करून पाठवलेला, खोल आणि दुखावलेला : "रघुवीरअण्णा, दुःख आमी समजू शकतो. पन गेलेल्या म्हातारीला असं नाचवणं बरं न्हवं. आमचं साधं घर हाय. ही सोयरीक हितंच थांबवूया."

चिन्मयी उठून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. रडण्याचा आवाज आला असता तर बरं झालं असतं. तोही आला नाही. दारासमोर उभ्या असलेल्या रघुवीरला त्या दिवशी पहिल्यांदा एकही ओळ सुचली नाही.

बेबीनंच शेवटी सांगितलं, "आता एकच विलाज. आईलाच गुंजीला न्यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायाक्का निपाणीच्या बसनं आल्या. भरमूनं गाडी काढली. पुढं भरमू आणि रघुवीर, मागं बेबी आणि बायाक्का. खानापूर मागं पडलं तसं मागून विचारणा झाली, "पन मला कुणी मारलं म्हनं? कुणाचं काम हे?"

भरमूला एकाएकी रस्ता नीट बघावासा वाटला.

"मामी, ते फोननं हो," रघुवीर म्हणाला. "आजकालचे फोन. काय बी उठवत्यात."

"मुडदा बशिवला त्या फोनचा!"

रघुवीर हळूच म्हणाला, "व्हय व्हय."

गुंजीत शिवराजअण्णांच्या घरी दार उघडलं त्यांच्या बायकोनं, स्वरूपाकाकींनी. त्यांनी बायाक्कांना पाहिलं. व्हिडिओ त्यांनी पाहिलेला होता. "अगं बाई! ही बाहेर आली!" म्हणून त्या ओरडल्या आणि हातातलं पोह्यांचं ताट पायरीवर पालथं झालं.

शिवराजअण्णा धावत आले. त्यांनी चष्मा पुसला. बायाक्कांना पुढून पाहिलं. मग चक्क त्यांच्या मागं जाऊन काही तारबीर जोडली आहे का ते पाहिलं! बायाक्कांनी त्यांचं मनगट धरलं आणि असं पिळलं की अण्णा "अयाया!" करत वाकले.

"आता पटलं? का दुसरा हात दिऊ?"

"पटलं, पटलं! बसा, बसा!"

चहा आला. बायाक्कांनी एक घोट घेतला, "पत्ती कमी, पानी जास्त," असा निकाल दिला, आणि उरलीसुरली शंकाही मिटली. कोपऱ्यात उभा असलेला मंथन पहिल्यांदा हसला आणि हळूच फोन घेऊन परसात गेला. कुणाला लावला, ते सांगायला नको.

सगळं निस्तरलं होतं. आणि तेवढ्यात शिवराजअण्णा साध्या भोळ्या मनानं म्हणाले, "मंग रघुवीरअण्णा, तुमी हे असं कशाला लिव्हलं?" आणि त्यांनी फोन लांब धरून, प्रत्येक अक्षर सुटं करत, प्रतिक्रिया मोठ्यानं वाचली. सात जन्मांपर्यंत.

भरमू बशीतला चहा बघत राहिला.

"मंजे फोननं न्हवं," बायाक्का म्हणाल्या. "तुमी."

रघुवीरनं मान खाली घातली. सासूला हळूही बोलता येतं, हे त्याला आज कळत होतं.

"जावईबापू, बेबीचं लगीन झाल्यावर तुमी तापानं फणफणलावता. डॉक्टर जेवाय बसलावता, उठंना. तवा ह्याच आवाजानं मी त्याला ताटावरनं उठवून आनला हुता."

"व्हय मामी."

"तवा ग्वाड लागला न्हवं?"

रघुवीर नुसता उठला आणि सासूच्या पाया पडला. सोयऱ्यांच्या घरात, परक्या सतरंजीवर! बायाक्का क्षणभर त्याच्या टकलाकडं बघत राहिल्या. मग वळल्या आणि मूळ पट्टीत आल्या : "अण्णाऽऽ! रविवारी सुपारी फुटनार का न्हायऽऽ?"

"फु... फुटंल की!" शिवराजअण्णा म्हणाले. गुंजी स्टेशनातली माणसंही हो म्हणाली असावीत.

रविवारी सुपारी फुटली. चिन्मयी दिवसभर हसत होती. फक्त बापाकडं बघताना तेवढी हसायची थांबायची. त्याच गडबडीत बायाक्कांनी नातीला जवळ घेऊन रघुवीरच्या प्रतिक्रियेखाली एक उत्तर लिहून घेतलं : 'आवाज परत आणायची गरज न्हाय. मी सोताच येतेय, जावयाकडं ऱ्हायला.'

लोकांनी ते इतकं उचललं, इतकं उचललं की दैनिकानं छापील अंकात चौकट टाकली आणि आजींना दर आठवड्याला तंत्रज्ञानाच्या बातमीवर लिहिण्याची विनंती केली. आजींनी कळवलं, मला टायपिंग येत न्हाय. दैनिकानं कळवलं, घरातल्या कुणाची तरी मदत घ्यावी.

बायाक्का सामानासकट आल्या. आता दर सोमवारी त्या झोपाळ्यावर बसून सांगतात आणि रघुवीर समोर बसून टाइप करतो. काही वगळलं तर सापडतं, कारण त्या वाचून दाखवायला लावतात.

"लिव्हा," त्या परवा म्हणाल्या. "आमचे..."

रघुवीरनं 'आमचे' लिहिलं. पुढचं त्यांनी सांगायच्या आत सवयीनं फोननंच दोन शब्द सुचवले : 'बावळट जावई'.