गजभियांचा डेक

बुधवारी दुपारी इंडियानातल्या त्या उपनगरावरून चक्रीवादळ गेलं, तेव्हा प्रफुल्ल गजभिये, त्याची बायको उपासना आणि सात वर्षांची मुलगी आश्लेषा तळघरात डोक्यावर गादी घेऊन बसले होते. अकरा मिनिटांनी ते वर आले. समोरच्या पाच घरांची छपरं उडाली होती, पण माणसं सगळी सुखरूप होती. गजभियांच्या घराची काचही तडकली नव्हती. फक्त कचऱ्याचा डबा तेवढा गेला होता.

घराच्या मागे प्रफुल्लचा डेक होता. डेक म्हणजे बसायला केलेला लाकडी ओटा. प्रफुल्ल मूळचा नागपूरचा, कामाने सॉफ्टवेअर इंजिनियर. दोन उन्हाळे खपून त्याने तो स्वतःच्या हाताने बांधला होता. त्याचे चार खांब तीन दिशांना कलले होते, कठडा मध्येच दमून खाली बसला होता आणि शेवटची पायरी जमिनीला टेकतच नव्हती. वादळाने त्याला हातही लावला नव्हता. मंगळवारी होता तसाच तो गुरुवारी होता.

शुक्रवारी मदत पथकाच्या दोन बायका हातात याद्या घेऊन आल्या. परसात येताच त्यांतली वयस्कर बाई थबकली.

"अरेरे," ती म्हणाली. "तुमच्याकडे तर फारच जोरात बसलंय."

प्रफुल्लने खुलासा करायला तोंड उघडलं. पण उपासनाने त्याच्या आधी सुस्कारा सोडला.

"बघा ना, काय अवस्था आहे."

बाईंनी यादीत लिहून घेतलं आणि उद्या माणसं येऊन नवा बांधून देतील म्हणून सांगितलं. त्या गेल्यावर प्रफुल्ल म्हणाला, "अगं, तू खोटं कशाला बोललीस?"

"मी कुठे खोटं बोलली? बघा म्हटलं, त्यांनी बघितलं."

"फोन करून कॅन्सल करतो मी."

"कर ना. सांग त्यांना, की हे मी बांधलंय."

प्रफुल्लने फोन उचलला आणि थोड्या वेळाने परत ठेवला.

शनिवारी सकाळी विद्यापीठातला हवामानशास्त्राचा एक विद्यार्थी होकायंत्र घेऊन आला. त्याने खांबांचे कोन मोजले, पुन्हा मोजले आणि त्याचा चेहरा उजळला.

"सर, चार खांब तीन वेगळ्या दिशांना. म्हणजे मुख्य वादळाच्या पोटात एक छोटी भोवरी नेमकी तुमच्या परसात फिरली."

"तसं काही नसेल हो," प्रफुल्ल क्षीण आवाजात म्हणाला.

"दुसरं कारणच संभवत नाही. प्रबंधात एक पूर्ण प्रकरण होईल."

तो गेला आणि आठ स्वयंसेवक आले. पुढे वॉल्टर होता, तीन घरं सोडून राहणारा निवृत्त सुतार. डेक पाडायला वीस मिनिटं लागली. एकाने नागमोडी वाकलेला खिळा उचलून सगळ्यांना दाखवला. "वाऱ्याची ताकद बघा," तो म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. स्थानिक साप्ताहिकाच्या छायाचित्रकाराने त्या खिळ्याचा फोटो काढला. प्रफुल्ल आत जाऊन उगाच फ्रिज पुसत बसला. संध्याकाळपर्यंत परसात सरळ, देखणा, टेकणाऱ्या पायऱ्यांचा नवा डेक उभा होता.

रविवारी सकाळी घरात बुद्धवंदना झाली. पंचशील म्हणताना प्रफुल्ल तीन शीलं खणखणीत म्हणाला. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, 'मुसावादा वेरमणी', आणि त्याला खोकला आला.

"बाबा, यू स्किप्ड वन," आश्लेषा म्हणाली.

वंदना संपताच त्याने चपला घातल्या. वॉल्टर त्याच्या दारात करवतींना तेल लावत बसला होता.

"वॉल्टर, माझा डेक वादळाने मोडला नव्हता," प्रफुल्ल एका दमात म्हणाला. "तो तसाच होता. मीच तसा बांधला होता."

वॉल्टरने मान वर केली नाही. "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मागच्या जूनमध्ये तुझ्या मुलीच्या वाढदिवसाला मी त्यावर बसलो होतो. केक माझ्या मांडीवरून आपोआप घसरत गेला. सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुला सांगायचं कसं, हा दोन वर्षांचा प्रश्न होता. त्या यादीत तुझा पत्ता मीच घातला."

प्रफुल्ल पायरीवर बसला. त्याला राग यायला हवा होता, पण आधी सुटल्यासारखं वाटलं.

"त्या विद्यार्थ्याला मी आज फोन करतो," तो म्हणाला. "आणि मला पण कामाला घ्या. काहीही द्या."

वॉल्टरने त्याच्याकडे नीट पाहिलं, विचार केला आणि एक मोठा लोखंडी घण त्याच्या हातात ठेवला.

"तू पाडायच्या टीममध्ये ये."

त्या दिवशी प्रफुल्लने दोन मोडकी गॅरेजं, एक कलंडलेली शेड आणि चाळीस फूट कुंपण जमीनदोस्त केलं. कुठे मारलं की काय कोसळतं, हे त्याला न सांगता कळत होतं. दुपारनंतर लोक त्याला नावाने बोलवायला लागले. "प्रफुल, इकडे एक भिंत आहे."

संध्याकाळी तो धुळीने माखून नव्या डेकवर येऊन बसला. उपासनाने चहा आणला.

"काय काय केलं दिवसभर?"

"पाडलं." त्याने समाधानाने एक घोट घेतला. "माझी लाइनच चुकली होती ग. दोन वर्षं उगाच बांधत बसलो."