शेपूट गेलं अन् माणूस पातळ झाला

पाहुण्याला पाण्याआधी सुई दाखवणारा माणूस मी एकच पाहिला. गंगाखेडकडच्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यातले माझे सहकारी, डॉक्टर बाबाराव. वानराचे रक्त माणसाच्या रक्तापेक्षा लवकर गोठते, हे सिद्ध करण्याचा त्यांना नाद होता. उसाच्या फडातून जखमी वानर आले, की त्याच्या रक्ताचा थेंब ते काचेच्या पट्टीवर घेत, शेजारी माणसाचा ठेवीत आणि दोन्हींतून सुईचे टोक हळूच ओढीत. ज्यातून आधी गोठल्याचा तंतू उठे, तो जिंकला. वानर जिंकले, की बाबाराव हरखत. "बगा! शेपूट गेलं अन् माणूस पातळ झाला."

माणसाचा थेंब मात्र नेहमी परक्याचा. म्हशीच्या दाखल्यासाठी आलेले सरपंचसुद्धा सुटले नाहीत. "द्या की मामा, मुंगी चावल्यावानी!" माझे होऊ घातलेले व्याही दवाखाना पाहायला आले, ते बोट मुठीत लपवून परतले. माझ्या मुलीची सोयरीक मोडली. बाबारावांचा शेरा तयार होता, "लय भेकड घर हाय, मालक. पोरगी वाचली."

तो राग मी मनात जपला. एका निरोपसमारंभात साऱ्यांसमोर म्हणालो, "हे स्वतःचा थेंब कधीच देत नाहीत. सुईच्या मागल्या टोकाकडूनच शूर!" हशा पिकला. बाबारावही हसले. तो हशा मला पुढे कित्येक दिवस गोड लागला.

मग पोखर्णीहून एक वानरी आली, पत्र्याने मांडी चिरलेली. भूल देऊन मी टाके घालीत होतो. बाबारावांनी तिला धरले होते. भूल मध्येच उतरली आणि तिने त्यांच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला.

"सोडा तिला!"

"सोडू कसं? टाके उसवतील. तुमी शिवा."

शेवटचा टाका पडला, तेव्हा वानरीची जखम कोरडी होती. बाबारावांच्या मनगटावरून कोपरापर्यंत मात्र रक्ताची धार चालूच. मी कापूस दाबून धरला. थांबेना.

"थांबायचं न्हाई लवकर," ते म्हणाले. "काळजाची झडप बदललीया. रक्त पातळ ठिवायच्या गोळ्या चालू हायत. म्हून माजा थेंब तुलनेला चालत न्हाई."

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी जनावराला हात लावू दिला असता का? घरी तर कुणीच न्हाई, मालक. दिवसभर कुणाला धरायचं?"

मी त्यांना परभणीला मोठ्या दवाखान्यात नेले. बाकांवर दाटीवाटीने माणसे बसली होती. त्यांचा हात माझ्या हातात घट्ट दाबलेला होता. सर्वांना ऐकू जाईल असे मी म्हणालो, "बाबाराव, चारचौघांत मी तुम्हाला भित्रा म्हणालो. माझे चुकले. मला क्षमा करा."