साइड अप्परवरची पिवळी बस

आमच्या शेजारचे गजभियेकाका मोबाइलमधलं अ‍ॅप काढून टाकत नाहीत. ते त्याला खाली उतरवतात. चष्मा नाकावर ओढतात, अंगठा दाबून धरतात आणि त्या इवल्याशा चित्राला म्हणतात, "चला, तुमचं स्टेशन आलं."

काका रेल्वेत टीसी होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण काळा कोट अंगातून उतरला तरी स्वभावातून उतरला नाही. त्यांच्या मते फोन म्हणजे स्लीपरच्या डब्यातला एक कप्पा. बर्थ आठ. नववा प्रवासी चढायचा असेल, तर आधी कुणीतरी उतरलं पाहिजे. फोन, निरोप आणि बँक यांना लोअर बर्थ, कारण त्यांना केव्हाही उठावं लागतं. लाइट बिल मिडलवर. "महिन्यातून एकदा उठते, बाकी झोपून राहते." नवीन अ‍ॅप आलं की ते वेटिंगवर. आठवडाभर त्याच्यावाचून काही अडलं नाही, की तिकीट रद्द.

इथल्या बुढापारा भागात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. काका रोज दुपारी तिथं येऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन तपासतात. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही. एकदा माझी बायको सुनीताच त्यांच्या तावडीत सापडली. तिच्या फोनमधल्या एका निळ्या थेंबावर काकांनी बोट ठेवलं.

"हे काय करते, सूनबाई?"

"पाणी प्यायची आठवण करून देतं."

"मंग तहान काय करून राहिली?"

थेंब उतरला. मागोमाग पावलं मोजणारं उतरलं. फोटोत चेहरा गोरा करणाऱ्याला तर काकांनी चालत्या गाडीतून उतरवलं. सुनीता दोन दिवस फुगून होती. ते गोरं करणारं तिनं नंतर गुपचूप परत चढवलं, हे काकांना अजून माहीत नाही.

काकांचं दुसरं खूळ म्हणजे दुपारचा चहा. समोरच्या टपरीवरून मागवायचा मी, पण केव्हा, ते काका ठरवणार. फोनकडे बघत म्हणायचे, "थांब बाप्पा, गाडी आली नाही अजून." कधी चहा लवकर व्हायचा, कधी पार उन्हं कलल्यावर. रविवारी चहाच नाही.

"काका, रविवारी काय उपास?"

"रविवारी गाडी नसते."

मी म्हणायचो, माणसाची नोकरी संपते, ड्यूटी संपत नाही. कुठल्या तरी जुन्या गाडीची वेळ पाळत असतील, असं मी धरून चाललो होतो. काकू गेल्यापासून एकट्या माणसाला काहीतरी चाळा लागतोच.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. आता तो घरबसल्या होतो, फोनपुढे चेहरा धरायचा. मागच्या वर्षी बँकेच्या रांगेत काकांना चक्कर आली होती, म्हणून या वेळी फोनवरच करायचं असा मी हट्ट धरला. पण त्याचं अ‍ॅप घ्यायला गेलो, तर त्या जुन्या फोननं जागा नाही म्हणून सांगितलं. काकांनी मुकाट्यानं गाण्यांचं अ‍ॅप उतरवलं. सकाळी गाणी लागल्याशिवाय त्यांची दाढी होत नाही, तरी उतरवलं. तेवढ्यानंही भागेना. मग मीच फोन हातात घेतला. साइड अप्परवर एक पिवळी बस बसली होती आणि निम्मी जागा तिनंच अडवली होती.

"ही बघा, फुकटी सापडली," म्हणत मी अंगठा टेकवला. काकांनी माझं मनगट धरलं.

"ते नाही उतरत."

"पण आहे काय ते?"

काकांनी फोन काउंटरवर ठेवून बस उघडली. बंगळुरूच्या कुठल्या तरी रस्त्याचा नकाशा आला आणि त्यावर सरकणारा एक पिवळा ठिपका.

"पोराकडं गेलो होतो ना मागं," काका म्हणाले, "तवा रेवाले शाळेच्या बसमधून मीच उतरवून घेत होतो. तिच्या बापानंच फोनात टाकून दिलं हे. मी वापस आलो, हे राहून गेलं. त्याले वाटत असंन, म्हाताऱ्यानं केव्हाच उतरवलं."

रेवा म्हणजे त्यांची नात, दुसरीत आहे. ठिपका एका वळणावर अडला. "रोजचाच सिग्नल हाय," काका पुटपुटले. ठिपका पुन्हा सरकला, जरा पुढे जाऊन थांबला.

"उतरली," ते म्हणाले. "चहा सांग."

चहा सांगायचा राहूनच गेला. "काका, सरळ फोन का नाही करत तिला?"

"करतो ना. 'दादाजी, खाना खाया?' म्हणते. मी हव म्हणतो. मंग ते बी चूप, मी बी चूप." काकांनी चष्मा पुसला. "एकदा तिकीट पाहून झालं की टीसी माणसाले उठवत नाही, बाबू. जाता-येता बर्थवर हाय ना, एवढंच पाहते."

माझ्या फोनवरून दाखला करू म्हटलं, तर काका म्हणाले, दुसऱ्याच्या तिकिटावर मी प्रवास करत नाही. दुसऱ्या दिवशी ते बँकेत निघाले, रांगेत उभं राहून आपण जिवंत आहोत हे सांगायला. मी सोबत येतो म्हणालो.

"तू इथंच थांब," म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "बँकेत नेटवर्क नाही येत. गाडी पाहजो."

त्या दुपारी एका बाईंनी रबर मागितलं, तर मी शार्पनर दिलं. ठिपका सिग्नलला अडला, तेव्हा मी उगाचच उठून उभा राहिलो. तो थांबल्यावर बऱ्याच वेळानं काका गल्लीच्या तोंडाशी दिसले, भिंतीला हात टेकत हळूहळू येताना. लांबूनच त्यांनी हनुवटी उडवून विचारलं.

"उतरली," मी म्हणालो.

काका स्टुलावर बसले आणि रुमालानं कपाळ पुसलं.

"मंग चहा सांग."