मोराचा डोळा

चिकटपट्टी हातात आली की मला काहीतरी दुरुस्त करावंसं वाटतं. कचेरीत फाटक्या फायली जोडण्यात गेलेल्या आयुष्याचा हा परिणाम. त्या रविवारी राजेशमअण्णांच्या हातमागावर मी अशीच बोटभर पट्टी चिकटवली, आणि वर स्वतःवर खूश होऊन बसलो.

राजेशमअण्णा म्हणजे आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. चाळीस वर्षं चादरी विणल्या आणि साठी ओलांडल्यावर एका कला महाविद्यालयात संशोधनाला नाव घातलं. पुस्तकं वाचून नव्हे, माग चालवूनच करायचं संशोधन. विषय एकच: विणकर स्वतः काही ठरवतो, की सगळं आधीच ठरलेलं असतं? त्यासाठी एक वही. तिच्यात दोन रकाने, 'ठरवलं' आणि 'घडलं'. माणूस दिसला की अण्णा विचारणार, "साहेब, आज निळा शर्ट. ठरवलं का घडलं?" एकदा आमच्या हिच्या हातच्या शेंगाचटणीनं डोळ्यांतून पाणी आलं, तरी ठसकत प्रश्न तोच. "वहिनी, तिखट... ठरवून का?"

"परत मागितलीत तर ठरवून," ही म्हणाली. अण्णांनी दोन्ही रकान्यांत लिहिलं.

"आमच्यात सगळं पत्ता ठरवतो ओ," ते सांगायचे. पत्ता म्हणजे भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी. अशा शेकडो पट्ट्यांची माळ मागावर फिरते. भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला बसून राहतो. त्यात विणकराला कोण विचारतो!

त्या रविवारी त्यांच्या मार्गदर्शक बाई शेवटचा तुकडा बघायला येणार होत्या. अण्णा त्यांना आणायला स्टेशनवर निघाले. "जरा बसा की साहेब. मांजर येतंय, पत्त्यांवर झोपतंय." मी बसलो. मागासमोर स्टुलावर अक्कांचा, म्हणजे अण्णांच्या दिवंगत पत्नीचा, फोटो होता. एरवी तो भिंतीवर असतो. आज खाली का घेतलाय, हा प्रश्न काही मला पडला नाही. मला दिसलं ते एका पत्त्यावर रांग सोडून पडलेलं एकटंच भोक. चूक! बिचाऱ्यांची बाईंसमोर फजिती होणार. चिकटपट्टी खिडकीतच होती.

बाई आल्या. अण्णा मागावर बसले आणि कधी नव्हे ते घरातलं बोलले. "म्याडम, ही मोराची चादर मी चाळीस वर्षं विणली. मोराला डोळाच नाही. आमची ही दोऱ्याच्या कांड्या भरता भरता म्हणायची, 'आंधळाय ओ बिचारा, एक डोळा द्या की त्याला.' मी म्हणायचो, पत्त्यात नाही. ती गेली. आता एक भोक मी माझ्या मनानं पाडलंय. बाकी काही संशोधन नाही माझं."

माझी नजर खिडकीतल्या चिकटपट्टीकडे गेली. खटक् खटक् करत मोर वर सरकत होता. पाय आले, पोट आलं, मान आली, तुरा आला. डोळा आला नाही.

अण्णा बराच वेळ कापडावरून बोट फिरवत राहिले. पत्ता तपासावा असं त्यांच्या मनातही आलं नाही. चाळीस वर्षांत पत्ता कधी चुकला नव्हता. मग हसले आणि वहीत 'घडलं'खाली खूण केली.

"हाही निष्कर्षच आहे, अण्णा," बाई हळूच म्हणाल्या.

"व्हय की. शेवटच्या पानावर तेच लिहितो. माणसाच्या हातात काही नाही."

आणि फोटो छातीशी उलटा धरून, अक्कांना कापड दिसू नये असा, ते खिळ्यापर्यंत घेऊन गेले.

मी तिथंच उभा होतो. तोंड उघडायला भरपूर वेळ होता. मी चहा प्यालो, बाईंना नमस्कार केला आणि घरी आलो.

हिला सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "मी काय मुद्दाम केलं का? हातून घडलं."

ही लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "पट्टी लागली ते घडलं, मान्य. पण न सांगता इथं येऊन बसलात, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?"