गिअरबॉक्स बोटीतच आहे

"देशाचा व्यापार समुद्रावर चालतो. विमानातून जाते ती नुसती घाई," असं बंदराच्या मालविभागाच्या प्रमुखांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं आणि कप इतक्या जोरात ठेवला की बशी फुटली. राग ताजा नव्हता. बोटींनी येणारा परदेशी माल यंदाही घटला होता, विमानांनी येणारा यंदाही वाढला होता. आणि विमानतळावरचा मालविभाग जिच्या हाती होता, ती त्यांची बायको समोर बसून शांतपणे टोस्टला लोणी लावत होती.

"अहो, एकूण वजनात अजून तुम्हीच पुढे आहात."

"कीव नको करूस."

तणतणत साहेब ऑफिसात पोचले, तर दारात फोरमन. धक्क्यावरची एकुलती एक मोठी क्रेन कधीपासून बंद पडलेली. बोटी समुद्रात ताटकळत होत्या, आणि कंटाळलेल्या बोटी शेजारच्या बंदराकडे वळत होत्या.

"साहेब, क्रेनचा नवा गिअरबॉक्स आला."

"मग बसवा. माझं तोंड काय बघताय?"

"बोटीत आहे."

"उतरवा."

"कशाने?"

साहेबांनी खिडकीतून क्रेनकडे पाहिलं. क्रेन मान खाली घालून उभी होती.

"बोटीने मागवा म्हणून कुठल्या गाढवाने सांगितलं होतं?"

फोरमन छताकडे बघू लागला. "मी विमानाचं सुचवलं होतं. तेव्हा तुम्ही पेपरवेट उचललात."

"माणसं लावून उतरवा."

"बंदरातली सगळी लागतील. मग सगळी दवाखान्यात न्यावी लागतील."

"बोट शेजारच्या बंदरात न्या."

"तिथे रांग आहे साहेब. आपल्याकडून पळालेल्या बोटींचीच."

आता एकच वाट उरली होती: दुसरा गिअरबॉक्स, विमानाने. दातओठ खात साहेबांनी फोन लावला.

"मी बोलतोय."

"मी कोण?"

"अगं, मी!"

"ऑफिसच्या फोनवर अगं-बिगं चालत नाही. माल काय, वजन किती?"

साहेबांनी सांगितलं. पलीकडून बारीक खुसखुस ऐकू आली.

"हसतेस काय?"

"हसत नाही, लिहून घेतेय. एवढं जड आमच्याकडे क्वचितच येतं. परवाच्या विमानात जागा करते. आणखी काही?"

साहेबांनी उठून केबिनचं दार लावलं. फोन तोंडाशी धरला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिला अहो-जाहो केलं.

"एक विनंती होती. तेवढं वजन यंदाच्या तुमच्या आकड्यात धरू नका ना."